हरिकेनवरचा लाल ठिपका

१

तो वीतभर कापडाचा तुकडा खरा ठरला, तर नीलांबरी कोतुळकरच्या पदरात पडणार होतं ते असं: पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा, वसतिगृहात एक खाट, पुढेमागे कुठल्या तरी शाळेत मास्तरणीची खुर्ची, आणि कपाळावरचं कुंकू पुसायची मुभा. ही शेवटची बाब जमेला धरायची की नावे टाकायची, याचा विचार निसळमास्तर नगरहून संगमनेरला येणाऱ्या सर्व्हिस मोटारीत सबंध रस्ताभर करत होते. उतरल्यावर कळलं की विचार फुकट गेला. तुकडाच नाहीसा झाला होता.

"काल दिवेलागणीला होता," नीलांबरी म्हणाली. "आज सकाळी देवघरातली डबी उघडली, तर आत नुसता रुमाल."

तिचा आवाज शांत होता. दोन वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाचा आवाज असा होतो; त्यात चढउतार करायला काही उरत नाही.

मार्तंड निसळ हे नगरचे ड्रॉइंगमास्तर. लढाईच्या काळात कॅम्पातल्या तोफखान्याच्या गोलंदाजांना शत्रूचं विमान कुठलं आणि आपलं कुठलं हे शिकवायला सरकारला लाकडी विमानं हवी होती. ती मास्तरांनी करून दिली, आणि वर्गही घेतले. तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच. कुठलं विमान कुठल्या साली कुठल्या आघाडीवर कोणत्या रंगात उडत होतं, याचा शोध घ्यायला ते कॅम्पातून परतणाऱ्या प्रत्येक शिपायाला चहा पाजत. विमानाचं पोट राखाडी की निळं, या वादात त्यांचं पानावरचं जेवण गार व्हायचं. रंगांची पेटी सदैव बरोबर. तीत सगळे डबे वापरून चेपलेले. एक लाल तेवढा बेचाळीस सालापासून उघडलेला नव्हता. झाकण गंजून बसलं होतं, तरी मास्तर तो टाकून देत नसत.

संगमनेरच्या शाळेला आपल्या माजी विद्यार्थ्याचं, फ्लाइंग ऑफिसर शामकांत कोतुळकरचं हरिकेन विमान लाकडात हवं होतं. शामकांत चव्वेचाळीस सालच्या वसंतात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून उडाला आणि परतला नाही. सरकारी पत्र आलं: बेपत्ता, मृत्यू गृहीत. त्याचे वडील विष्णुपंत वकील. त्यांनी पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाले, "गृहीत धरणं म्हणजे पुरावा नव्हे. कायद्यात सात वर्षं आहेत." सुनेनं पुण्याला जायचं म्हटलं, तर अर्जावर सही देईनात. शामू आला, तर दाराशी कोण?

मग यंदा राधाकृष्ण ठुबे हा त्याच तुकडीतला माणूस फौजेतून सुटून आला. विमानाचं कापड सांभाळणं, फाटलं तर ठिगळ लावणं हे त्याचं काम. हरिकेनचं शेपटाकडचं अंग कापडाचं असतं. शामकांतच्या पडलेल्या विमानाचा तुकडा म्हणून त्यानं तो नीलांबरीच्या हाती दिला. वकिलांनी शब्द दिला: जाणकारानं तुकडा खरा ठरवला, तर त्याच दिवशी सही करीन.

जाणकार म्हणजे मास्तर. त्यांनी पोस्टकार्ड टाकलं होतं: 'शुक्रवारी येतो. तुकडा उजेडात धरला की तो त्याच विमानाचा की नाही, हे छातीठोक सांगेन.' पोस्टकार्डच ते. घरातल्या सगळ्यांनी वाचलं, राधाकृष्णलाही दाखवलं.

आतून खडावा वाजल्या. विष्णुपंत ओसरीवर आले, आणि मास्तर पाहतच राहिले. मागच्या खेपेला पाहिलेली वकिलांची ती जाडजूड पांढरी मिशी नव्हती. ओठ नुकता तासलेल्या लाकडासारखा उघडा दिसत होता.

"या, मास्तर," ते म्हणाले. "पुरावा गेला. आता परीक्षा कसली घेणार?"

२

"मामंजींनी आज पहाटेच मिशी उतरवली," नीलांबरी माजघरात हळूच म्हणाली. "मला वाटलं, अखेर मानलं त्यांनी. बरं वाटलं, मास्तर. असं वाटून घ्यायची लाजही वाटली. आणि मग डबी उघडली."

"तुम्हाला काय हवंय? मी विमान करायला आलोय."

"विमान राहू द्या. तुकडा शोधा. अर्जाची मुदत संपत आलीय."

स्वयंपाकघरात पानं मांडली होती. विष्णुपंतांचं, इंदूचं, नीलांबरीचं, पाहुण्यांचं. आणि भिंतीकडे एक वाढलेलं ताट, वर दुसरं ताट पालथं. मास्तरांनी विचारलं नाही. झाकलेल्या ताटाकडे कुणी पाहत नव्हतं, यावरूनच ते रोजचं आहे हे कळत होतं.

जेवताना मास्तरांनी मनातल्या मनात रकाने पाडले. तुकडा गेल्यानं कुणाला काय मिळालं? नीलांबरीचं सगळंच बुडालं, ती बाद. राधाकृष्णचं तसं नाही. तुकडा खोटा असेल, तर मास्तरांच्या पोस्टकार्डानं त्याची झोप उडाली असणार. वकील? त्यांनीच तर परीक्षा मागितली होती, आणि आज मिशीही उतरवून बसले होते. राहिली शामकांतची धाकटी बहीण इंदू. ती समोर बसून मास्तरांना निरखत होती.

"माझ्यावर घ्या ना संशय," ती म्हणाली. "वहिनी पुण्याला गेली की या घरात बाबांच्या समोर मी एकटी. कारण अगदी भरभक्कम आहे."

"घेतलाच आहे."

"इंदू, पाहुण्यांशी बोलताना जरा," विष्णुपंत म्हणाले.

"पाहुणे कुठले, बाबा? फौजदार आहेत. फक्त टोपी काळी आहे."

३

ताक घुसळता घुसळता इंदूनं सांगितलं ते मात्र सरळ होतं. रात्री डबीला तिनं हात लावला नाही. सकाळी उठली, तेव्हा बाबा आंघोळ करून, मिशी उतरवून बसले होते.

"डबीतल्या त्या तुकड्याची मला भीती वाटायची, मास्तर. वहिनी तो रोज काढून बघायची. त्यात बघण्यासारखं होतं काय, तर अर्धा निळा, मग पांढरा पट्टा, आणि कोपऱ्यात लाल. ती म्हणायची, शामूनं कुंकू पाठवलंय. मला नाही आवडायचं असलं बोलणं."

मास्तर पाणी प्यायला भांडं उचलत होते, ते तसंच राहिलं.

"लाल? नीट आठव. मातकट तपकिरी नव्हे?"

"लालभडक. मी काय आंधळी आहे?"

मास्तर मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. लाल. त्या एका रंगानं सगळा हिशेब फिरला होता, आणि तो कुठल्या बाजूला फिरला हे त्यांना अजून बघवत नव्हतं. धुणंभांडी करणारी साळूबाई तिथे राख काढत बसली होती.

"बंबातली का?"

"तर. इकडं बंब रोज मीच पेटविते. आज आले, तर वकीलसाहेबांनी आधीच पेटवलेला." तिनं नाक मुरडलं. "अन् न्हाणीघरात वास तर असा, केस जळल्यावानी. इंदूताईला म्हनलं, कुनाची येनी गेली का काय बंबात. ती हसली नुसती."

"राखेत काही सापडलं?"

"राखेत राखच की वो मास्तर."

मास्तरांनी टोपी घातली आणि राधाकृष्ण ठुब्याचा पत्ता विचारला.

४

ठुबे मूळचा पारनेरकडचा. आता संगमनेरच्या बाजारापाठीमागे ऑइल इंजिनं दुरुस्त करत होता. मास्तरांना पाहून त्यानं हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला.

"ठुबे, बेचाळीस साली कॅम्पात बसून मी लाकडी विमानांच्या पंखांवरचे लाल ठिपके ब्लेडनं खरवडत होतो. वरून हुकूम आला होता. का, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

राधाकृष्णनं फडकं इंजिनावर टाकलं.

"बोल की."

"जपान्याच्या इमानावर लाल गोळा असतोय," तो म्हणाला. "आपल्यावर बी लाल असला, तर खालचा गोलंदाज घोटाळतो. आपलंच इमान पाडतो. म्हून काढला. आमी बी रंगावर रंग मारला समद्या इमानांना. निळं अन् पांढरं ठिवलं, लाल न्हाई."

"मग त्यानंतर दोन वर्षांनी, ब्रह्मदेशात, शामकांतच्या विमानावर लाल कुठून आला?"

बाहेर कुणी बैलगाडी हाकत गेलं. ठुब्यानं दार लोटून घेतलं.

"साहेबाच्या इमानाचा न्हाई तो. मी ज्या जुन्या इमानावर काम शिकलो, त्याचा हाय. हुकमाआधीच भंगारात निघालं, तवा आठवन म्हून कापून घेतला. पेटीत हुता माझ्या."

"आणि तो तू त्या बाईच्या हातात दिलास."

"पयल्यांदा नुसता भेटायला आल्तो. बाईंनी जेवाया बसवलं. शेजारी दुसरं ताट. मी म्हनलं, कुनी यायचं हाय का? तर म्हनल्या, हो, ते. अन् झाकून ठिवलं. मला घास जाईना, मास्तर. गावाकडं गेलो, दोन रोज नीट जेवलो न्हाई. दुसऱ्या खेपेला तुकडा घिऊन आलो. म्हनलं, साहेब न् बाई, दोघांतलं एक तरी सुटू दे."

"शामकांत गेला हे नक्की ना?"

"कुनी बघितलं न्हाई. ढगात गेले. टाकीतलं तेल सरंल तोवर आमी धावपट्टीला उभं हुतो. तेल सरलं, तरी उभं हुतो."

मास्तर इंजिनाच्या लोखंडावर टेकले. "माझं कार्ड वाचून तुला कळलं असेल की लाल दिसला की तू पकडला जाणार. म्हणून चोरलास?"

"पळून जायचं मनात आलं. चोरायचं न्हाई. अन् चोरून करू काय? ते जाळायचं म्हनलं तरी सोपं न्हाई. त्याच्यावर डोप असतंय, रोगन. काडी लावली की कागदावानी जळत न्हाई, भडकतं. नवं पोरगं हमखास तोंड भाजून घेतं. भुवया, मिशा, समदं जातं."

हे तो सहज बोलून गेला, आणि मास्तर उठून उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "वकिलांकडे. तुला तोंड उघडायचं नाही. फक्त ऐकायचं."

५

वकिलांच्या बैठकीत सगळे बसले. राधाकृष्ण दाराशी उभा राहिला. मास्तरांना उभं राहूनच बोलायची सवय, वर्गातली.

"तुकडा राधाकृष्णनं नेला नाही. त्याला या घरात पहाटे कोण घेईल? आणि त्यानं जाळला असता, तर तोंड लांब ठेवून जाळला असता. इंदूनं नेला नाही. तिची वेणी जागच्या जागी आहे. साळूबाई यायच्या आधी बंब पेटलेला होता, आणि न्हाणीघरात केस जळल्याचा वास होता. तो कापडाचा नव्हता, माणसाच्या केसांचा होता."

विष्णुपंत खुर्चीत जरा मागे रेलले. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायच्या आधी ते असेच रेलत असणार.

"मी आलो तेव्हा मला वाटलं, वकीलसाहेबांनी शोकात मिशी उतरवली. सगळ्यांना तेच वाटलं. पण आपल्याकडे मिशी बापासाठी उतरते. मुलासाठी बाप उतरवत नाही. त्यातून ज्या बापाला मुलगा गेलाय हेच कबूल नाही, तो तर नाहीच नाही." मास्तर थांबले. "उजवी भुवईही टोकाला कमी झालीय, वकीलसाहेब. ती वस्तऱ्यानं होत नाही."

इंदू ताडकन उठली. "बाबा?"

"बस," विष्णुपंत म्हणाले. मग त्यांनी भुवईच्या टोकाला बोट लावून पाहिलं. बोलले तेव्हा आवाज वकिलाचाच होता, फक्त फी न घेतलेला. "बंबाच्या तोंडाशी वाकून काडी लावली. एकदम अंगावर आलं. अर्धी मिशी गेली, म्हणून उरलेली उतरवली. चाळीस वर्षं कोर्टात काढली, पुरावा कधी दडवला नाही. पण तुमचं ते कार्ड आलं, आणि 'छातीठोक' हा शब्द मला झोपू देईना. तुम्ही उजेडात धरणार आणि हो म्हणणार. मग माझ्याजवळ काय राहिलं?"

नीलांबरीनं मान वर केली नाही.

"पुरावा नष्ट केला, की कोर्ट तो नष्ट करणाऱ्याच्या विरुद्ध धरतं," विष्णुपंत पुढे म्हणाले. "तो नियम मलाही लागू. पण मास्तर, माझ्या मनासाठी एक विचारतो. जाळण्यापूर्वी मी तो नीट बघून ठेवला होता. निळा, पांढरा, लाल. तो तुम्ही पाहिला असता, तर काय म्हणाला असता? शामूच्या विमानाचा होता का?"

दाराशी राधाकृष्ण एक पाऊल मागे सरला.

खरं बोललं, तर या म्हाताऱ्याला आत्ताच्या आत्ता मुलगा परत मिळत होता. निदान पाच वर्षांपुरता, कायद्यातल्या. त्यानं स्वतःच्या हातानं जाळलं होतं ते मरण नव्हतंच, उलट त्याच्या आशेचा एकमेव पुरावा होता. आणि नीलांबरीला परत मिळत होतं ते पालथं ताट. रंगाच्या बाबतीत मास्तर आजवर एकदाही खोटं बोलले नव्हते. त्यांच्याजवळ दुसरी मालमत्ताही नव्हती.

"होता," ते म्हणाले. "त्याच विमानाचा होता."

विष्णुपंतांनी दौत पुढे ओढली. अर्ज नीलांबरीच्या पदराखालीच होता. तिनं तो काढून दिला. वकिलांनी सही केली. टीपकागद दाबून त्यांनी अर्ज सुनेच्या हातात दिला आणि मास्तरांकडे न बघता म्हणाले, "मग विमानही तसंच करा. मी पाहिलं तसं. लाल धरून."

त्या संध्याकाळी पानं मांडताना नीलांबरीनं एक ताट फळीवरून काढलं, हातात धरून उभी राहिली, आणि परत ठेवलं.

६

लाल डब्याचं झाकण मास्तरांनी पटाशीनं उचकटलं. वर चामड्यासारखी साय धरली होती. खाली रंग ओला, जिवंत. सगळ्या हरिकेनवर त्यांचा हात चालला तो त्यांच्या लौकिकाप्रमाणे चालला: गर्द हिरवा, मातकट तपकिरी, कडा कुठे विरायच्या तिथे विरलेल्या. निळ्यातला तो लाल ठिपका तेवढा त्यांनी दिवेलागणी झाल्यावर भरला, कमी उजेडात.

नीलांबरी पुण्याला गेली. श्रावणात शाळेच्या सभागृहात विमान टांगलं. भाषणं झाली, पेढे झाले. विष्णुपंत पहिल्या रांगेत होते. ओठ अजून उघडाच. इंदू शेजारी. मास्तर खांबाआड.

पाहुण्यांत जामखेडचे कारभारी नावाचे सुभेदार होते, विमानं पाडणाऱ्या तोफखान्यातले. कॅम्पात मास्तरांच्या वर्गात बसलेले. मास्तर दिसताच त्यांनी खांबाआडून हात धरून त्यांना ओढून आणलं, पहिल्या रांगेसमोरच.

"आमचं गुरू," ते सगळ्यांना सांगू लागले. "ह्यांनी शिकवलं म्हून आमी जितं आलो." मग त्यांची नजर वर विमानाकडे गेली. बारीक डोळे करून त्यांनी पाहिलं आणि ते मोकळेपणानं हसले. "मास्तर, लाल? ही तुमची चूक? तुमीच तर सांगायचा, लाल दिसला की विचार करू नका, घोडा दाबा. चव्वेचाळीसला हे इमान आमच्या डोक्यावरनं गेलं असतं, तर आमीच पाडलं असतं की."

त्यांच्या मनात काही नव्हतं. कुणीतरी पेढा पुढे केला, तो घ्यायला ते वळले.

विष्णुपंत उठून मास्तरांजवळ आले.

"ब्रह्मदेशातल्या गोलंदाजांनाही तुमच्यासारख्यांनीच शिकवलं असेल."

"हो."

"लाल दिसला की घोडा दाबा."

"हो."

"आणि शामूच्या विमानावर लाल होता." यात प्रश्न नव्हता, तरी ते थांबले. वकील साक्षीदाराला शेवटची संधी देतो, तसे. "आपल्याच माणसांनी, निसळ?"

एक वाक्य पुरलं असतं. लाल नव्हता, तुकडा खोटा होता, मी खोटं बोललो. म्हाताऱ्याच्या छातीवरचं ते ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालानं पुण्याच्या वसतिगृहात एक पत्र गेलं असतं, शब्दाला जागणाऱ्या माणसाचं, सुनेला परत बोलावणारं.

"लाल होता," मास्तर म्हणाले.

विष्णुपंतांनी मान हलवली आणि इंदूचा खांदा धरून ते घरी गेले.

हिशेब मास्तरांनी परतीच्या मोटारीत मांडला. राधाकृष्णनं आपली एकुलती आठवण दिली. नीलांबरीनं कुंकू दिलं, पण तिच्या जमेलाही काही पडलं. मास्तरांनी नाव दिलं. आता जाणता माणूस त्या शाळेत गेला की वर बघून हसणार. राहिले विष्णुपंत. त्यांचं देणं काहीच निघत नव्हतं. तरी त्यांनी मुलगा एकदा सही करून दिला, आणि पुन्हा एकदा त्या सभागृहात, आपल्याच लोकांच्या तोफेला. मिशी त्यांनी त्यानंतर कधी राखली नाही.